आकाशवाणीच्या धुनेनंतर : वॉल्टर काउफमान यांचे युद्धोत्तर जीवन

आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांची सकाळ रेडिओने होत असे. केंद्र सुरू होताना आधी तंबोऱ्याच्या सुरावर व्हायोलिनची एक छोटी धून वाजे, मग वंदे मातरम् आणि त्यानंतर मंगलध्वनी. हा मंगलध्वनी बहुधा सनईचा असे आणि पुष्कळदा तो उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचा असे. ही सनई कुठे घडली हे आपल्याला ठाऊक आहे. वाराणसीच्या पंचगंगा घाटावरील बालाजी मंदिराच्या नौबतखान्यात खाँसाहेबांनी लहानपणापासून रियाज केला. पुढे मुलाखतींतून आणि चरित्रांतून तो घाट, ते मंदिर आणि खाली वाहणारी गंगा सगळ्या देशाला परिचित झाली. मात्र सनईच्या आधी वाजणारी धून कोणाची, हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. ती वॉल्टर काउफमान यांच्या नावावर आहे. काउफमान हे बोहेमियातून मुंबईला आलेले ज्यू निर्वासित संगीतकार होते.

वृत्तपत्रांत त्यांच्याविषयी लेख येतात, ते बहुतेक धुनेपाशीच संपतात. निर्वासित आला, त्याने भारताला एक धून दिली आणि तो निघून गेला, एवढीच ती कथा. काउफमान १९४६ मध्ये मुंबई सोडून गेले आणि १९८४ मध्ये वारले. मधली अडतीस वर्षे त्या कथेत नसतात. निर्वासितपण युद्ध संपल्यावर संपते का, हे पाहायचे असेल तर अभ्यास या अडतीस वर्षांचाच करावा लागतो.

मुंबईतील बारा वर्षे

पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. काउफमान यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाड (आजचे कार्लोव्ही व्हारी) येथे जर्मन बोलणाऱ्या ज्यू कुटुंबात झाला. हे गाव त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते आणि १९१८ नंतर चेकोस्लोव्हाकियात आले. त्यांनी बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे संगीतरचनेचे शिक्षण घेतले. तिथेच कुर्ट साक्स यांच्यामुळे त्यांना जगातील निरनिराळ्या संगीतपरंपरांची ओढ लागली. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला, परंतु आपले एक परीक्षक नाझी युवक संघटनेचे स्थानिक पुढारी आहेत हे कळल्यावर पदवीच नाकारली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि बर्लिनची दारे बंद झाली. फेब्रुवारी १९३४ मध्ये काउफमान मुंबईच्या बंदरात उतरले. भारतच का निवडला, याचे त्यांनी स्वतः दिलेले कारण अगदी साधे होते : इथला व्हिसा सहज मिळत होता.

वॉर्डन रोडजवळच्या रेवा हाऊसमध्ये त्यांनी बिऱ्हाड केले. काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. विलिंग्डन जिमखान्यात दर आठवड्याला मैफल होई. पियानोवर स्वतः काउफमान आणि व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या झुबिन मेहतांचे वडील. मे १९३७ पर्यंतच्या तीन वर्षांत असे १३६ कार्यक्रम झाले. १९३७ पासून ते ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. त्याच्या जोडीला मोहन भवनानी यांच्या चित्रपटांचे पार्श्वसंगीत, माहितीपटांचे संगीत, रेडिओसाठी 'अनसूया' हा ऑपेरा अशी कामेही चालू होती. एकाच पगारात भागत नसलेल्या माणसाची ही कामे आहेत. पुढच्या आयुष्यातही त्यांचा हाच क्रम राहिला.

भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी प्रथम ऐकल्या तेव्हा त्यांना काहीच कळले नव्हते. पण ज्या संगीतावर कोट्यवधी लोक प्रेम करतात ते समजत नसेल तर उणीव आपल्यात आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्या काळच्या युरोपीय संगीतज्ञांत हा विचार दुर्मीळ होता. ज्या ऑल इंडिया रेडिओत ते नोकरी करत होते, त्याच संस्थेने १९४० मध्ये भारतीय संगीताच्या शुद्धतेसाठी हार्मोनियमवर बंदी घातली, हे लक्षात घेतले की त्या वातावरणाची कल्पना येते. काउफमान अशा वादांत फारसे पडले नाहीत. ते गायक-वादकांना ऐकत आणि टिपणे काढत राहिले. शहराबाहेर जाऊन त्यांनी गोंड आणि बैगा लोकांची गाणीही लिहून घेतली. त्यांवरचा त्यांचा लेख १९४१ मध्ये अमेरिकेतील एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे याच टिपणांच्या बळावर त्यांना नोकरी मिळेल, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नसणार.

धुनेविषयी इथेच एक गोष्ट सांगून ठेवू. ती १९३६ च्या सुमाराची मानली जाते, तिचे सूर शिवरंजनीच्या जवळचे आहेत आणि व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवले असे म्हणतात. काही जण तिचे श्रेय जॉन फोल्ड्झ किंवा ठाकूर बलवंत सिंग यांना देतात. बहुसंख्य अभ्यासकांचा कौल काउफमान यांच्या बाजूने आहे. परंतु ती त्यांची नसती तरीही त्यांचे जीवन अभ्यासण्यासारखेच राहिले असते.

१९४५ : परत जायचे कुठे?

निर्वासिताच्या बाबतीत आपण नकळत एक गृहीत धरतो की संकट टळले की तो घरी जाईल. काउफमान यांच्यापुढे घर म्हणजे काय हाच प्रश्न होता.

कार्ल्सबाड हे सुडेटनलँडमधील गाव. सप्टेंबर १९३८ च्या म्युनिक करारानंतर ते जर्मनीच्या ताब्यात गेले. युद्ध संपल्यावर ते पुन्हा चेकोस्लोव्हाकियाकडे आले आणि तिथल्या सरकारने सुमारे तीस लाख जर्मनभाषक लोकांना देशाबाहेर काढले. यात ज्यूंची स्थिती विलक्षण झाली. १९३० च्या जनगणनेत ज्यांनी आपले राष्ट्रीयत्व जर्मन असे नोंदवले होते, अशा काही ज्यूंनाही छळछावणीतून परतल्यावर 'जर्मन' ठरवले गेले. नाझींच्या लेखी ते ज्यू होते आणि नव्या चेक अधिकाऱ्यांच्या लेखी जर्मन. काउफमान यांची भाषा जर्मन, शिक्षण जर्मन आणि संगीताचे संस्कारही जर्मनच होते.

आप्तांचे काय झाले तेही पाहू. त्यांची पहिली पत्नी गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. काफ्कांना तीन बहिणी होत्या आणि तिघीही नाझींच्या हत्याकांडात मारल्या गेल्या. गेर्टीची आई एली ही त्यांपैकीच एक. तिला १९४१ मध्ये प्रागहून लोड्झच्या वस्तीत नेण्यात आले. गेर्टी मुंबईत होती म्हणून वाचली.

मग मुंबईतच का राहिले नाहीत? काही जण राहिले. कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लेडन आणि संग्राहक एमान्युएल श्लेझिंगर इथेच थांबले, चित्रकार वॉल्टर लांगहॅमर १९५७ पर्यंत होते आणि प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या घडणीत या तिघांचा वाटा मोठा आहे. उलट, प्रागमध्ये वाढलेले आणि भवनानींसाठी पटकथा लिहिणारे विली हास जर्मनीला परतले आणि हॅम्बुर्गच्या वृत्तपत्रसृष्टीत स्थिरावले. प्रत्येकाच्या व्यवसायाने त्याचा मार्ग बराचसा ठरवला. चित्रकलेला मुंबईत नवे ग्राहक आणि तरुण चित्रकार मिळत होते. पाश्चात्त्य संगीताचा श्रोता मात्र गोरे अधिकारी, व्यापारी आणि पारशी, गोवन व ज्यू कुटुंबे एवढाच होता. १९४६ मध्ये सत्तांतर दिसू लागले होते आणि या श्रोत्यांतला मोठा भाग सामान बांधत होता. रेडिओवरील पाश्चात्त्य संगीत विभागाला नव्या देशात कितपत जागा राहील याचा अंदाज काउफमान यांना आला असावा, असे माझे मत आहे. त्यांना कोणी घालवले नाही, परंतु त्यांचे काम आटत चालले होते.

यजमान देशातील कायदेही विसरून चालणार नाही. युद्ध सुरू होताच सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडले आणि अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) छावणीत ठेवले. त्यांत हिटलरपासून पळून आलेले ज्यूही होते. १९३४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनने खटपट केली आणि चौकशीनंतर बहुतेकांची सुटका झाली. एकाच शहरातून पळालेल्या दोघांपैकी एक तारेच्या कुंपणाआड आणि दुसरा रेडिओ केंद्रात असे घडत होते. दोघांतला फरक बहुधा पारपत्राचाच असे.

हॅलिफॅक्स, विनिपेग, ब्लूमिंग्टन

मुंबईहून काउफमान प्रथम इंग्लंडला गेले. तिथे त्यांनी बीबीसीसाठी वाद्यवृंदसंचालन आणि रँक यांच्या चित्रपटसंस्थेसाठी काम केले, पण कायमचा जम बसला नाही. १९४७ मध्ये कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील हॅलिफॅक्स येथे त्यांना पियानो शिकवण्याची नोकरी मिळाली. वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तिसऱ्या खंडात, पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

पुढच्याच वर्षी विनिपेगने त्यांना बोलावले. गव्हाच्या मैदानांतले, हिवाळ्यात शून्याखाली तीस अंशांपर्यंत गोठणारे हे शहर नुकताच आपला वाद्यवृंद उभारत होते. काउफमान विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे पहिले संगीतसंचालक झाले आणि १९५७ पर्यंत त्या पदावर राहिले. मुंबईत मोजक्या वादकांनिशी आठवड्याला एक मैफल उभी करण्याचा अनुभव इथे कामी आला. त्यांनी शहरातील बॅले मंडळीसाठी 'व्हिजाज' या नृत्यनाट्याचे संगीत लिहिले. 'मद्रास एक्सप्रेस' नावाची वाद्यवृंदरचनाही याच काळातली. मुंबई सोडून दोन वर्षे झालेला माणूस कॅनडात बसून मद्रासच्या रेल्वेगाडीवर संगीत लिहितो, याची मला नेहमी गंमत वाटते. विनिपेगच्याच पियानोवादक फ्रीडा ट्रेपेल या त्यांच्या दुसऱ्या पत्नी.

१९५७ मध्ये ते अमेरिकेतील ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. इथे एक योगायोग घडला, पण तो निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. प्रागमधील त्यांचे शिक्षक पाउल नेट्ल हेही ज्यू निर्वासित म्हणून अमेरिकेला गेले होते आणि १९४६ पासून याच विद्यापीठात शिकवत होते. बर्लिनचे गुरू कुर्ट साक्स यांनी न्यूयॉर्कला आश्रय घेतला होता. नेट्ल यांचे पुत्र ब्रूनो हे पुढे लोकसंगीतशास्त्राचे नामवंत अभ्यासक झाले. युरोपातून हाकलल्या गेलेल्या या मंडळींनी अमेरिकेत एक नवी ज्ञानशाखा उभी करण्यास मोठा हातभार लावला. त्या शाखेला भारतीय संगीत जवळून ऐकलेला माणूस हवा होता. जी माहिती काउफमान यांनी मुंबईत केवळ कुतूहलापोटी जमवली होती, तिला आता विद्यापीठात किंमत आली.

वयाच्या साठीत त्यांनी ग्रंथ लिहायला घेतले. १९६७ मध्ये पौर्वात्य देशांच्या स्वरलेखनपद्धतींवरचा ग्रंथ, १९६८ मध्ये उत्तर भारतातील रागांवरचा, १९७५ मध्ये तिबेटी बौद्ध पठणावरचा आणि १९७६ मध्ये दक्षिण भारतातील रागांवरचा. त्याआधी बस्तरच्या मारिया-मुरिया गीतांवर आणि नेपाळी लोकगीतांवर लेख प्रसिद्ध झाले. ऑपेराही लिहिणे चालूच होते.

उत्तर भारतीय रागांवरचा ग्रंथ मराठी वाचकाने उघडावा. पहिली ओळख पटते ती मांडणीची : कल्याण, बिलावल, खमाज अशी थाटांनुसार प्रकरणे. ही दहा थाटांची व्यवस्था पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची. भातखंडे मुंबईचेच. वकिली सोडून प्रवास आणि संगीताचा शोध असा व्याप करून त्यांनी मराठीतून 'हिंदुस्थानी संगीतपद्धती' हा ग्रंथ लिहिला आणि १९३६ मध्ये, म्हणजे काउफमान यांना मुंबईत येऊन दोन वर्षे झाली असताना, ते वारले. मुंबईत मराठीत मांडलेली एक व्यवस्था ब्लूमिंग्टनच्या विद्यार्थ्याच्या मेजावर पोहोचली ती या निर्वासिताच्या हातून. ग्रंथात उणिवा आहेत. मींड, कण, आंदोलन यांना पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघांत पकडताना राग थोडा ताठ होतो, आणि गुरूसमोर बसून शिकलेल्याला तो अपुरा वाटेल. पण ज्याच्याजवळ गुरू नव्हता, त्याच्यासाठीच हे पुस्तक होते.

१९६४ मध्ये काउफमान अमेरिकेचे नागरिक झाले. ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्म, चेकोस्लोव्हाकियाचे पारपत्र, ब्रिटिश भारतात नोकरी आणि सत्तावनाव्या वर्षी पुन्हा नवे नागरिकत्व. १९७७ पर्यंत त्यांनी अध्यापन केले आणि ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

इकडे भारतात स्वातंत्र्यानंतर रेडिओ पुष्कळ बदलला. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व प्रसारण मंत्री होते. रेडिओवर शास्त्रीय संगीताला अग्रस्थान असावे म्हणून त्यांनी हिंदी चित्रपटगीते वाजवणे जवळजवळ थांबवले. हार्मोनियमवरची बंदीही १९७१ पर्यंत उठली नाही. एवढ्या सोवळ्या वातावरणातही सकाळची ती व्हायोलिनची धून कोणी हलवली नाही. ती परक्याची आहे हे कोणाच्या कानाला जाणवलेच नसावे.

काउफमान यांच्या स्वतःच्या रचनांची हस्तलिखिते मात्र अनेक वर्षे कपाटात पडून होती. टोरांटोच्या एआरसी एन्सेम्बलने त्यांच्या निवडक रचना वाजवून २०२० मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. निर्वासित संगीतकारांना वाहिलेल्या मालिकेत ती निघाली. तीत मुंबईच्या वर्षांतल्या रचनाही आहेत. त्या ऐकताना व्हायोलिनच्या एखाद्या वळणावर हिंदुस्थानी स्वररचनेचा भास होतो आणि पुढच्याच मात्रेला संगीत पुन्हा मध्य युरोपात जाते.