निखळलेली पट्टी आणि न लिहिलेली तक्रार

आजच्या व्याख्यानाचा विषय संयोजकांना कळवला तेव्हा पलीकडून थोडा वेळ काही उत्तरच आलं नाही. मग विचारणा झाली, "सर, मोटारीच्या काचेची पट्टी?" होय, पट्टीच. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला या पट्टीने एक प्रश्न घातला, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही इतिहासात शिरलो. तो इतिहास बराचसा आपल्याच सातारा-सांगलीचा निघाला.

आधी घटना सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्याहून सांगलीला येत होतो. तासवडेचा टोलनाका मागे पडला, कराड जवळ आलं. पुढच्या काचेच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक काळी पट्टी असते. गेले काही दिवस ती फडफडत होती. आम्ही ती अंगठ्याने दाबून बसवायचो आणि पुढे जायचो. त्या दिवशी ती सुटली. मागून मोटारसायकलवर दुधाचे कॅन घेऊन एक तरुण येत होता. पट्टी त्याच्या खांद्याला लागली, त्याचा तोल गेला. मनगट मोडलं, दूध रस्त्यावर सांडलं. जिवावरचं मनगटावर निभावलं, एवढंच. कराडला नेऊन त्याच्यावर उपचार केले, खर्च आम्ही दिला. नंतर सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, तर उत्तर आलं, "सर, ती शोभेची पट्टी आहे. नवीन बसवून देतो." त्यांनी बसवली, आम्ही पैसे दिले आणि विषय संपला.

पण तो संपायला नको होता. आम्ही कुठेही एक ओळ लिहिली नाही. का लिहिली नाही, हाच आजचा प्रश्न.

जरा मागे जाऊ. बलुतेदारीच्या गावात शेतकऱ्याचा फाळ वाकला, तर तक्रार कुठे करायची हा प्रश्नच नव्हता. लोहार समोर होता, भाता समोर होता. फाळ पुन्हा भट्टीत जायचा. कामात कुचराई झाली तर खळ्यावर बलुतं देताना हात आखडता घेता यायचा. त्या व्यवस्थेत अन्यायही मुबलक होता, तिचं गुणगान आम्हाला करायचं नाही. मुद्दा एवढाच, की करणारा आणि वापरणारा एकमेकांचं तोंड पाहत होते.

मग कारखाना आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे नांगर खपेनात. पुढे औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली; आज ती सांगली जिल्ह्यात येते. इथे लक्षात घ्या, गिऱ्हाईक शंका घेत होतं आणि कारखानदाराला त्या शंकेला उत्तर द्यावं लागत होतं. नांगर विकायचा तर शेतकऱ्याचं समाधान करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आता साताऱ्याला या. १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांचा हा संयुक्त उपक्रम. त्याच्या साताऱ्याच्या कारखान्यातून 'प्रिया' स्कूटर बाहेर पडू लागली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ती असेल. पण तो काळ परवाना-परमिटचा. आज नाव नोंदवलं तर स्कूटर वर्षांनी हाती यायची. एवढी वाट पाहून घरी आलेल्या गाडीला माणूस हार घालतो, पेढे वाटतो. तक्रार करत नाही. एखादा नट ढिला असेल तर आपणच पान्याने आवळायचा. टंचाईने आपल्याला कृतज्ञ व्हायची सवय लावली, आणि कृतज्ञ माणूस तक्रार करायला लाजतो. ती लाज टंचाई संपल्यावरही आपल्यात उरली.

आता थोडं काचेविषयी. जुन्या ट्रकची, अ‍ॅम्बॅसडरची किंवा प्रीमियर पद्मिनीची पुढची काच रबराच्या चौकटीत बसायची. मिस्त्री रबराच्या खाचेत सुतळी घालायचा, साबणाचं पाणी लावायचा, बाहेरून एकजण काच दाबायचा आणि आतून दुसरा सुतळी ओढत जायचा. रबराचा ओठ पत्र्यावर चढत जायचा. हे काम डोळ्यांना दिसायचं. रबर चिरलं की पावसात पाणी आत यायचं आणि आपल्याला कळायचं. पुढे १९९३ च्या नियमदुरुस्तीने तीन वर्षांची मुदत देऊन पुढची काच लॅमिनेटेडच हवी असं ठरवलं. ही चांगली गोष्ट झाली. अशी काच फुटली तरी तिचे तुकडे मधल्या पापुद्र्याला धरून राहतात. नव्या गाड्यांत रबराची जागा चिकट द्रव्याने घेतली. काच आता गाडीच्या सांगाड्याचा भाग झाली, गाडी उलटली तर छपराला आधार देऊ लागली. आणि काच व पत्रा यांच्यातली फट झाकायला पट्ट्या आल्या, पट्ट्या धरायला प्लॅस्टिकच्या क्लिपा.

क्लिप ही काही रुपयांची वस्तू. उन्हाने ती ठिसूळ होते. काच बदलताना जुनीच पुन्हा दाबून बसवली, तर तिची पकड पहिल्यासारखी राहत नाही. ती अर्धवट बसली तरी बाहेरून पट्टी ठीकच दिसते. रबराचा दोष पावसात दिसायचा. क्लिपेचा दोष पट्टी सुटेपर्यंत दिसत नाही.

म्हणजे हा फक्त 'शोभेचा' दोष आहे का? अमेरिकेत १९६५ साली राल्फ नेडर यांचं मोटारींच्या असुरक्षिततेवरचं पुस्तक आलं, १९६६ मध्ये तिथे वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. आज तिथला सामान्य मालक आपली तक्रार सरकारी यंत्रणेकडे नोंदवतो आणि ती इतरांनाही वाचता येते. जानेवारी २०२४ मध्ये फोर्ड कंपनीने तिथे २०११ ते २०१९ या वर्षांतल्या सुमारे १९ लाख एक्स्प्लोरर गाड्या परत बोलावल्या. कारण ऐका: काचेच्या कडेच्या खांबावरची पट्टी. तिच्या क्लिपा नीट अडकलेल्या नसतील तर ती चालत्या गाडीवरून सुटून मागच्यांना धोका होऊ शकतो, म्हणून. मार्च २०२५ मध्ये टेस्लाने ४६,००० हून अधिक सायबरट्रक परत बोलावले. तिथे छपराच्या कडेची पोलादी पट्टी धरणारं चिकट द्रव्य ठिसूळ होत होतं. तासवडेपुढे जे झालं, त्याच जातीचा हा दोष. तिथे तो सुरक्षेचा प्रश्न ठरला, आमच्याकडे तो बिलाची एक ओळ ठरला.

आपल्याकडे काहीच नव्हतं असं मात्र नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, जिल्ह्याजिल्ह्यात दाद मागायची सोय झाली. पण ग्राहक म्हणून आपण विचारतो, "माझ्या नुकसानीचं काय?" आमचं नुकसान काही शेकड्यांचं. मनगट मोडलं ते दुसऱ्याचं, आणि त्याने तर ती गाडी विकत घेतलेली नव्हती! तो ग्राहकही नाही आणि मालकही नाही. म्हणून आणखी एक प्रश्न विचारायला जागा हवी होती: "इतरांचं काय होईल?" ही जागा उशिरा आली. २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने गाड्या परत बोलावण्याची संहिता केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-क आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झालं. आता दोषामुळे गाडीतल्यांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना इजा होण्याचा संभव असेल, तर केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. दोष कळतो कसा? ठरावीक प्रमाणात मालकांनी कळवलं तर, चाचणी संस्थेने कळवलं तर, किंवा अन्य मार्गाने.

'ठरावीक प्रमाणात' या दोन शब्दांपाशी तत्त्वज्ञानाचा माणूस अडखळतो. नैयायिक विचारतात, धूर तिथे अग्नी हे आपल्याला कळलं कसं? त्यांचं एक उत्तर म्हणजे भूयोदर्शन, पुन्हा पुन्हा पाहणं. स्वयंपाकघरात पाहिलं, शेतात पाहिलं, लोहाराच्या भट्टीत पाहिलं. आणि अपवाद सापडला नाही. एक तक्रार म्हणजे एक दर्शन. तेवढ्यावर कारखान्याला दोषी धरू नये, हे बरोबरच आहे. पट्टी आम्हीच वाकवली असेल, मिस्त्रीने चुकीची बसवली असेल. पण पहिलं दर्शन नोंदलंच नाही तर दुसरं हे 'दुसरं' ठरत नाही. प्रत्येक जण एकटाच राहतो आणि प्रत्येकाला सांगता येतं, "सर, तुमच्याच गाडीचं असं झालंय."

हे आम्हाला पटलं ते सांगलीतल्या एका गॅरेजमध्ये. पुढे वर्षभराने तिथे गेलो असता बोलता बोलता पट्टीचा विषय निघाला. मिस्त्रीने फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत तुटलेल्या क्लिपा, वेगवेगळ्या गाड्यांच्या. "कधी कामाला येतील म्हणून ठेवल्यात," तो म्हणाला. आम्ही डब्याकडे बघत राहिलो. भूयोदर्शन डब्यात भरून ठेवलेलं होतं! ज्ञान होतं, पण ते कुठे लिहिलेलं नव्हतं. ना तारीख, ना गाडीचं साल, ना कुणाला काय इजा झाली त्याची नोंद.

त्या डब्यात आमचीही एक क्लिप असायला हरकत नव्हती. तक्रार करणं म्हणजे भांडकुदळपणा, एवढ्याशा पट्टीसाठी कोण लिहीत बसणार, असं आम्ही स्वतःला समजावलं होतं. त्याला आम्ही समजूतदारपणा म्हणत होतो. खरं म्हणजे आमचं काम झालं होतं आणि मागच्या माणसाचा विचार तिथेच थांबला होता. वर्गात आम्ही वर्षानुवर्षं नीतिशास्त्र शिकवलं, हेही इथे सांगून टाकतो.

म्हणून एवढंच मागणं. पट्टी हलायला लागली की अंगठ्याने दाबून पुढे जाऊ नका. गाडी उभी करा, फोटो काढा, तारीख, चासी क्रमांक आणि किती किलोमीटर झाले ते लिहा. मग परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवा; सात वर्षांच्या आतल्या गाडीला ती सोय आहे. उत्तर येईल न येईल. तुमच्या एका तक्रारीने काही होणारही नाही कदाचित. पण पुढच्या माणसाची तक्रार दुसरी ठरेल.

त्या तरुणाला आम्ही नंतर भेटलो. मनगट जुळलं होतं, पण दुधाचा पूर्ण भरलेला कॅन अजून त्या हाताने उचलता येत नव्हता. त्याने सहज विचारलं, "सर, कंपनीला कळवलंत का?" आम्ही तेव्हा काय उत्तर दिलं ते सांगायची गरज नाही. आजचं व्याख्यान हेच त्याचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.