इब्न फजलानची तयारी

सुट्टी लागण्याआधी एका विद्यार्थ्याने मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. आर्क्टिकच्या डोंगरांत दोघे जण पाठीवर सामान घेऊन चालले आहेत. नदी आडवी आली की पिशवीतून बोट काढून फुगवायची, तीत सामान टाकून पुढे जायचे. मध्यरात्रीसुद्धा ऊन! मुलाने विचारले, "सर, तिथे मगरिब कधी होणार?"

बाकीची मुले हसली. मला मात्र इब्न फजलान आठवला.

व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार लोकांचा राजा अल्मिश याने बगदादला निरोप पाठवला होता : दीन शिकवणारा माणूस द्या, मशीद आणि किल्ला बांधायला मदत करा. खलिफा मुक्तदिर यांनी शिष्टमंडळ पाठवले. ते हिजरी 309 च्या सफर महिन्यात, म्हणजे जून 921 मध्ये बगदादहून निघाले. अहमद इब्न फजलान त्यात होता.

आधी ते ख्वारिज्ममधील जुर्जानिया येथे हिवाळाभर अडकले. हमामातून घरी येईपर्यंत दाढी गोठून बर्फाचा गोळा व्हायची, असे तो लिहितो. तिथेच पुढची तयारी झाली. तीन महिने पुरेल एवढी रोटी, बाजरीसारखे धान्य आणि खारवलेले मांस घेतले. उंट घेतले. अंगावर कपड्यांचे इतके थर चढवले की उंटावर बसल्यावर हलता येईना. आणि नद्या ओलांडण्यासाठी उंटाच्या कातड्याच्या, घडी करून नेता येणाऱ्या होड्या करून घेतल्या. व्हिडिओतल्या बोटीची ही फार जुनी बहीणच.

निघायच्या वेळी बगदादहून सोबत आलेले फकीह आणि मुअल्लिम मागे राहिले. पुढच्या मुलुखाची त्यांना भीती वाटली. मी स्वतः शिक्षक, त्यामुळे ही ओळ वाचताना दरवेळी थबकतो. ज्यांना शिकवायला पाठवले तेच थांबले. लिहिणारा मात्र पुढे गेला.

नदीवर पोचले की होड्या उलगडायच्या, कपडे व सामान भरून कातडे ताणून घ्यायचे, चार-सहा जणांनी बसायचे आणि लाकडांची वल्ही करून मारायची. उंट पोहत यायचे. याइक, म्हणजे आजची उरल नदी, सर्वांत मोठी आणि ओढीची. तिथे एक होडी उलटली, आतले लोक बुडाले. आमच्या अक्कलकुवा तालुक्यात सरदार सरोवराच्या पाण्यामुळे नर्मदाकाठच्या काही गावांना बोटीनेच जावे लागते. तिथल्या आईबापांना ही ओळ समजावून सांगावी लागणार नाही.

मे 922 मध्ये ते बुल्गारला पोचले. हा प्रदेश ध्रुववृत्ताच्या बराच दक्षिणेला आहे, तरी उन्हाळी रात्र फारच लहान. इब्न फजलान एका बगदादी शिंप्याशी तंबूत इशाच्या अजानची वाट पाहत गप्पा मारत बसला. अजान झाली, बाहेर आले तर पहाट! मुअज्जिनला विचारले तर तो म्हणाला, ही फजरची अजान. इशा आम्ही मगरिबसोबतच पढतो. फजर चुकेल या धास्तीने तो महिनाभर रात्री झोपलाच नव्हता. पुढे हनफी फिकहच्या ग्रंथांत 'जिथे इशाची वेळच येत नाही' या मसल्याची चर्चा बुल्गारचे नाव घेऊनच झाली.

एकदा आकाशात लाल ढग झुंजताना दिसले. बहुधा ते ध्रुवीय प्रकाश असावेत. पाहुणे घाबरून दुआ करू लागले, गावकरी त्यांना हसले. हेही त्याने लिहून ठेवले. स्वतःचे हसे झालेले लिहायला हिंमत लागते.

आपल्या मुलांना मुस्लिम इतिहास म्हणजे बादशहा, लढाया आणि किल्ले एवढाच ठाऊक असतो. कुणी त्याचा अभिमान बाळगतो, कुणी त्याचा जाब विचारतो. पण त्याच इतिहासात थंडीने कुडकुडणारा, नव्या माणसांना प्रश्न विचारणारा आणि पाहिले ते टिपून ठेवणारा हा माणूसही आहे. तोही आपला वारसा आहे.

त्या मुलाला मी सांगितले, प्रश्न हसण्यासारखा नाही. आता जूनमध्ये त्यालाच वर्गापुढे उभा करणार आहे.