चिलटाचे रक्त

दिवाळीच्या पूजेला आणलेला केळ्यांचा घड दोन दिवसांत पिकतो आणि त्यावर चिलटे घोंगावू लागतात. आमच्या पेणच्या घरी ती हाकलण्याचे काम मुलांकडे असते. या क्षुद्र जीवाचे आपल्या रक्ताशी नाते आहे असे कुणी म्हटले, तर घरची वडीलधारी मंडळी हसतील. मीही हसलो असतो. किंबहुना याच्या नेमके उलट मी वर्गात कैक वर्षे ठासून सांगत आलो होतो.

“कीटकांना तांबडे रक्त नसते,” मी मुलांना सांगे. त्यांच्या अंगावरील बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि नळ्यांच्या जाळ्यातून थेट अवयवांपर्यंत पोचते. मग आपल्या रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनची त्यांना गरजच काय? तर्क मला बिनतोड वाटे.

एका पावसाळ्यात रोह्याकडच्या एका विद्यार्थ्याने भातखाचरातल्या चिखलाची बाटली माझ्या टेबलावर ठेवली. तीत लालभडक अळ्या वळवळत होत्या. “गुरुजी, ह्या तांबड्या कशाने?” मी ‘खाल्लेल्या अन्नाचा रंग असेल’ असे म्हणून वेळ मारून नेली. उत्तर साफ चुकीचे होते. दिसायला डासासारख्या, पण न चावणाऱ्या एका माशीच्या त्या अळ्या. चिखलात प्राणवायूचा तुटवडा, म्हणून त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनच असते. शास्त्रज्ञांना हे पूर्वीपासून ठाऊक होते. मात्र असे कीटक अपवाद मानले जात.

चिलटाला या अपवादांतही जागा नव्हती. आणि नवल असे, की याच्याइतका कसून तपासलेला कीटक विरळाच. १९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस मॉर्गन यांना तांबड्या डोळ्यांच्या चिलटांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला. तेथून जनुके रंगसूत्रांवर असतात हे सिद्ध करण्याची वाट खुली झाली आणि १९३३ साली मॉर्गन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या मुंबईतही, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ओबेद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी चिलटाला चव आणि वास कसा कळतो याचा शोध घेतला.

इतक्या डोळ्यांखालून गेलेल्या चिलटात १९९९ साली जर्मनीतील माइन्झ विद्यापीठाच्या थॉर्स्टन बुर्मेस्टर आणि थॉमस हँकेल्न यांनी हिमोग्लोबिनचे जनुक दाखवून दिले! ते द्रव्य रक्तात वाहत नाही. मुख्यतः हवेच्या नळ्यांच्या आणि चरबीच्या पेशींत अल्प प्रमाणात असते. रंग दिसेल इतके नाही, म्हणून कुणाच्या ध्यानी आले नाही. २००६ साली याच कुळातील आणखी दोन जनुकांचे वर्णन प्रसिद्ध झाले. ती प्रामुख्याने नराच्या प्रजननेंद्रियांत काम करतात.

एका जनुकाची तीन कशी झाली? वंशपरंपरेत कधी एखाद्या जनुकाची चुकून दुसरी नक्कल होते. मूळ जनुक आपले काम सांभाळते, नक्कल नव्या कामाला मोकळी राहते. भावाभावांत वाटणी होऊन एकाने शेत पाहावे, दुसऱ्याने दुकान घालावे, तसेच हे. आपल्या हिमोग्लोबिनच्या दोन प्रकारच्या साखळ्याही अशाच वाटणीतून आल्या. चिलटाचे आणि माणसाचे पूर्वज पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरी मूळ घराणे एकच. २००० साली बुर्मेस्टर, हँकेल्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मेंदूतही याच घराण्यातील, तोवर अज्ञात असलेले एक प्रथिन उजेडात आणले.

हे सारे वाचल्यावर मी वर्गात माझी चूक कबूल केली. मुलांनी ऐकून घेतले. परंतु ज्याने बाटली आणली होती, तो तोवर शाळा सोडून कामाला लागला होता. त्याचा प्रश्न बरोबर होता, हे त्याला सांगायचे राहून गेले. म्हणून यंदा केळ्यांवर चिलटे आली, तेव्हा मुलांना म्हटले, “हाकला, पण आधी नीट पाहून घ्या.”