चढाईचें शास्त्र



मुरबाड तालुक्यांतील म्हसा येथें पौष पौर्णिमेस भरणारी यात्रा ठाणें जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. बैलांच्या बाजारासाठीं दूरदूरचे शेतकरी तेथें येतात. त्या सुमारास भाताची कापणी व झोडणी आटोपून खाचरें मोकळीं झालेलीं असतात, आणि मोकळें खाचर हेंच आमच्या खेड्यांतील हुतुतूचें आद्य क्रीडांगण होय. या खेळास ना चेंडू लागतो, ना फळी, ना जाळें. पायानें ओढलेली एक रेघ पुरते. परंतु या निष्कांचन खेळांत आक्रमणाचें जें शास्त्र दडलेलें आहे, तें मोठमोठ्या खर्चिक खेळांहून कमी प्रतीचें नाहीं.

चढाईपटू एकटा शत्रूच्या मुलखांत शिरतो. समोर सात गडी. त्यांपैकीं एकास शिवणें हें त्याचें अर्धेंच काम. शिवून मध्यरेषेपर्यंत परत येणें हें खरें काम. शाएस्तेखानावर १६६३ साली लाल महालांत जो छापा पडला, त्याचें कौतुक आपण करतों तें केवळ आंत शिरण्याच्या धाडसासाठीं नव्हे, सुखरूप परतण्याच्या योजनेसाठींहि. हुतुतूची चढाई याच जातीची आहे.

म्हणूनच चांगला चढाईपटू सरळ सावजावर धांवत नाहीं. तो डाव्या कोपऱ्याकडे झुकतो; त्या बाजूची साखळी मागें सरते, आणि त्याला वेढण्याच्या लोभानें उजवा कोपरा एक पाऊल पुढें येतो. तें एक पाऊल हीच त्याची कमाई. तो गर्रकन वळतो, पायाचा अंगठा लांबवितो आणि शिवून निघतो. बचाव करणाऱ्यांचें शहाणपण उलट दिशेचें असतें: त्याला खोल येऊं द्यावें, परतीची वाट लांबवावी, मग घोटा धरावा. एकाचा लोभ तो दुसऱ्याचा डाव.

प्रतिपक्ष नुसता वाट पाहत उभा राहिला तर काय? आणि चढाईपटूहि रेषेजवळच घुटमळत राहिला तर? या प्रश्नाचें उत्तर आमच्या पूर्वजांनीं श्वासांत शोधलें. एका दमांत घोष चालला पाहिजे. दम तुटला कीं गडी बाद. घड्याळाची गरजच नव्हती. छाती हेंच घड्याळ होतें, आणि तें प्रत्येकाजवळ निराळें होतें.

महाराष्ट्रांत हुतुतू, दक्षिणेंत चेडुगुडू, बंगालमध्यें हाडुडू अशीं याचीं नांवें. गामिनी प्रकारांत बाद झालेला गडी सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. अमर प्रकारांत गडी मैदानांतच राहून फक्त गुण मोजले जात. संजीवनींत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला कीं आपला एक उठे. आजच्या खेळानें संजीवनी स्वीकारली, आणि तिनें आक्रमणाचें गणित पालटलें. आपला उत्तम चढाईपटू बाहेर बसला असेल, तर दुसऱ्यानें केलेला एक स्पर्श त्याला परत आणतो.

नियमांना छापील रूप देण्याचें कार्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुख्यतः महाराष्ट्रीय मंडळींनीं केलें. १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें अखिल भारतीय सामने भरविले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें हा खेळ परदेशीयांस दाखविला. १९५० साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेंत कबड्डीस पदकाचा मान मिळाला.

या ठिकाणीं इंग्लंडकडे दृष्टि टाकणें उद्बोधक होईल. तेथील उत्तरेच्या कामगार वस्त्यांतील संघ १८९५ साली हडर्सफील्ड येथें मूळ रग्बी संघटनेंतून फुटून निघाले. खेळासाठीं बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, हें त्यांचें मागणें होतें. त्यांतून रग्बी लीग जन्मास आली. तींत चेंडू हातानें पुढें फेंकतां येत नाहीं. मागें वा आडवा देत, एकेका रक्षकास आपल्याकडे ओढून, शेवटी मोकळ्या गड्यानें तो प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे टेकवावयाचा. ओढून घेण्याची कला तीच. फरक इतकाच कीं हुतुतूंतील गड्यास चेंडू सोंपवावयास सोबती नसतो.

रग्बी लीगलाहि आमचाच प्रश्न पडला. एकदां चेंडू हातीं आला कीं कांहीं संघ पकडले जात, पुन्हां उठत, पण चेंडू सोडीत नसत. तेव्हां १९६६ साली चार पकडींची मर्यादा आली. पुढें ती सहा झाली. मर्यादा येतांच आक्रमणास योजना आली.

आमच्याकडेहि २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीनें चढाईस तीस सेकंदांचें घड्याळ लावलें, आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसरींत गुण मिळविणें वा बाद होणें भाग पाडलें. खेळ वेगवान झाला, यांत शंका नाहीं. घोष अद्याप आहे. परंतु काळाची सत्ता छातीकडून यंत्राकडे गेली. दीर्घ दमाच्या गड्यास जो लाभ पूर्वी मिळे, तो आतां मिळत नाहीं.

हें नुकसान मानावें काय? मला वाटतें, अंशतः मानावें. परंतु खेळ एका देशाच्या ताब्यांत राहत नसतो. २०१८ साली जकार्ता येथें इराणनें पुरुषांच्या उपांत्य व महिलांच्या अंतिम सामन्यांत भारतास नमविलें, तेव्हां कुस्तीची जुनी परंपरा असलेल्या त्या देशानें पकडीचा धडा आम्हांसच शिकविला. २०२३ साली हांगझोऊ येथें दोन्ही सुवर्णपदकें परत आलीं, तीं तो धडा गिरविल्यानंतरच.

नियम बदलोत, घड्याळें येवोत. एक गोष्ट मात्र खाचरांतल्या रेघेपासून रोषणाईच्या मैदानापर्यंत तीच आहे. जो परतीची वाट पाहून ठेवीत नाहीं, त्याच्या धाडसास गुण मिळत नाहींत. आमच्या मुलांस चढाई शिकवितांना ही वाट आधीं दाखवावी, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.