साक्ष कुणाची, प्रमाण कुणाचे?

स्कॉटिश मिशनरी सोसायटीने पश्चिम हिंदुस्थानातले आपले काम सुरू केले ते मुंबईत नव्हे, पुण्यातही नव्हे, तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या बाणकोटला, १८२३ साली. पुढे हर्णैलाही ठाणे झाले. १८२९ मध्ये मुंबईत उतरलेल्या जॉन विल्सनने मराठीचे आरंभीचे धडे याच किनाऱ्यावर घेतले. एकोणिसाव्या शतकातील मराठी धर्मवादांचा विचार करताना आपल्याला मुंबईतल्या सभा आठवतात. पण त्या वादांत एका पक्षाने वापरलेल्या मराठीचा काही भाग तरी कोकणातल्या या बंदरांवर घडला होता, हे विसरून चालत नाही.

हे वाद वरवर पाहता 'कोणता देव खरा' या प्रश्नाचे होते. त्यांच्या मुळाशी मात्र दुसरा, अधिक अवघड प्रश्न होता. देवाने काही सांगितले असे कुणी म्हणाले, तर ते खरे मानायचे कशावरून? आपल्याकडे नैयायिकांनी आप्ताच्या उपदेशाला शब्दप्रमाण म्हटले. म्हणजे सांगणारा विश्वासार्ह, म्हणून सांगणे ग्राह्य. मीमांसकांनी याच्या नेमकी उलट वाट धरली. वेद प्रमाण का, तर त्याला कर्ताच नाही म्हणून. माणूस आला की चूक आली, लोभ आला. तेव्हा माणूसच वगळला. ख्रिस्ती परंपरेत याउलट संदेष्ट्यांना आणि साक्षीदारांना वगळले, तर ग्रंथ उभाच राहत नाही. विल्सनशी झालेल्या वादानंतर मोरभट दांडेकरांनी १८३१ साली 'हिंदुधर्मस्थापना' प्रसिद्ध केली आणि विल्सनने पुढच्याच वर्षी इंग्रजीतून तिला उत्तर दिले. पण दोन्ही पक्ष प्रामुख्याने एकमेकांच्या ग्रंथांतली विसंगती शोधत राहिले. प्रामाण्याच्या दोन कल्पनाच वेगळ्या आहेत, हा मुद्दा बाजूलाच राहिला.

तो मुद्दा उघड करणारा एक प्रसंग आपल्या वाङ्मयेतिहासात जवळजवळ नोंदलेलाच नाही. सप्टेंबर १८५१ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत आला. पुढे त्याने पुण्यात काम केले, मराठीचा अभ्यास केला, आणि १८५५ मध्ये मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही मुंबईत छापली. त्याच्या पंथाचा ग्रंथ, 'बुक ऑफ मॉर्मन', १८३० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता. देवदूताने दाखवलेल्या सुवर्णपत्रांवरून आपण तो ईश्वरी सामर्थ्याने भाषांतरित केला, असे जोसेफ स्मिथचे म्हणणे होते. ग्रंथाला आधी तीन आणि मग आठ साक्षीदारांची निवेदने जोडलेली आहेत. वाचकाला शेवटी आवाहन आहे ते असे, की हे खरे की खोटे हे स्वतः देवालाच विचारावे. मन प्रामाणिक असेल तर उत्तर मिळेल. पत्रे तपासायला मागणाऱ्याला हे उत्तर पुरेसे वाटणार नाही. पण आध्यात्मिक साक्षीची अट मान्य करणाऱ्याला ते पटू शकते.

इतर मिशनऱ्यांना हा पाहुणा नकोसा वाटला, यात नवल नाही. बायबल पूर्ण झाले, आता नवे शास्त्र नाही, या भूमिकेवर ते उभे होते. जो देव पूर्वी बोलत होता तो आता गप्प का, हा मॉर्मनांचा प्रश्न त्यांना अडचणीचा होता. परंतु मॉर्मनांच्या घरातही पेच होताच. पंथ स्थापन झाला त्याच वर्षी, १८३० मध्ये, हायरम पेज या अनुयायाने आपल्यालाही एका दगडाच्या साहाय्याने साक्षात्कार होतात असे सांगितले. त्यावर निर्णय आला, की सर्व मंडळीसाठी आज्ञा मिळवण्याचा अधिकार एकट्या जोसेफ स्मिथचा. साक्ष प्रत्येकाने घ्यावी, आज्ञा मात्र एकानेच आणावी! हा हायरम पेज त्या आठ साक्षीदारांपैकीच एक होता. फिंडलेच्या हाती मोजकेच अनुयायी लागले, तेही बहुतांशी युरोपीय वर्तुळातले. १८५५ नंतर ते काम ओसरले.

दोनच वर्षांनी, जानेवारी ते मे १८५७ या काळात, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे प्रसिद्ध वाद झाले. कस्टम खात्यातली नोकरी सोडून विष्णुबुवा सप्तशृंगीच्या डोंगरावर तपश्चर्येला गेले होते, आणि साक्षात दत्तात्रेयाकडून आपल्याला ज्ञान मिळाले अशी त्यांची धारणा होती. व्याख्यानांतून ते प्रतिपादन करत ते वेदोक्त धर्माचे. १८५९ मध्ये त्यांचा 'वेदोक्त धर्मप्रकाश' आला. म्हणजे ज्या वेदाचे प्रामाण्य तो कुणा व्यक्तीचा नाही यावर आधारलेले, त्याची बाजू ते एका व्यक्तिगत साक्षात्काराच्या बळावर मांडत होते. समोर होता जॉर्ज बोवेन. तोही पूर्वाश्रमीचा संशयवादी. वाग्दत्त वधूच्या मृत्यूनंतर, तिने मागे ठेवलेले बायबल वाचता वाचता तो श्रद्धेकडे वळलेला. किनाऱ्यावर समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांनाही पुस्तकाने नव्हे, आयुष्याने बदलले होते. तरी श्रोत्यांपुढे दोघे भांडले ते मुख्यतः सिद्धांत आणि शास्त्र यांवरून. ज्या अनुभवामुळे आपण इथे उभे आहोत तो समोरच्याला देता येत नाही, हे दोघांनाही कळत असावे. म्हणून वाद चालतो तो देता येण्याजोग्या गोष्टींवर.

मराठी माणसाला स्वप्नात मिळालेली आज्ञा अपरिचित नव्हती. तुकोबांना बाबाजींचा उपदेश स्वप्नात झाला, कवित्वाची आज्ञा नामदेवांनी विठ्ठलासह स्वप्नात येऊन दिली, वह्या इंद्रायणीतून कोरड्या निघाल्या, असे वारकरी परंपरा मानते. पण या अधिकाराच्या जोरावर तुकोबांनी नवे विधिनिषेध घातले नाहीत की स्वतंत्र मंडळी काढली नाही. त्यांच्या अनुभवाने इतरांसाठी वाट दाखवली; ती चालणे न चालणे ज्याचे त्याच्याकडे राहिले. साक्षात्कार आणि सत्ता यांतले हे अंतर मला फार महत्त्वाचे वाटते.

ते अंतर पुढे एका कोकणी माणसाच्या घरात कसोटीला लागले. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ चा, दापोली तालुक्यातल्या करजगावचा. हर्णैही त्याच तालुक्यात. पण त्यांना ख्रिस्ताची ओळख हर्णैच्या मिशनऱ्यांकडून झाली नाही. राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका अपरिचित गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या दृष्टीने पुरावा पूर्ण होता.

लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने तो पुरावाच नव्हता. नवऱ्याला काही दिसले, म्हणून आपलेही जग मोडायचे का? त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर, नातलगांत राहिल्या. पुढे जवळ आल्यावरही त्यांनी त्यांचा अनुभव उसना घेतला नाही. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी सांगितलेला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी गेला तो सोवळेपणा. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, माणसाने केल्या असे स्वतःच उत्तर काढले, आणि मग कुणाच्याही हातचे पाणी पिण्याची तयारी झाली. ग्रंथ नंतर आला, बाप्तिस्मा त्याहून नंतर, १९०० मध्ये. पुढे १९१७ साली टिळकांनी आपल्या अंतःप्रेरणेच्या आज्ञेने मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्वच ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' उभारायला घेतला. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. त्यांनी सोडलेल्या वेतनाचा भार घरावरच पडला होता.

व्यक्तिगत साक्षीविरुद्धचा मुख्य आक्षेप टाळता येत नाही. दत्तात्रेयाची साक्ष, ख्रिस्ताची साक्ष, सुवर्णपत्रांची साक्ष या सगळ्याच तितक्याच प्रामाणिकपणे दिल्या गेल्या, आणि त्या सगळ्या एकाच वेळी शब्दशः खऱ्या असू शकत नाहीत. म्हणून साक्षीवरून सिद्धांत ठरत नाही. तिच्यावरून ठरते ते एवढेच, की हा माणूस आता कसा जगेल. पण त्या जगण्याची किंमत पुष्कळदा दुसऱ्यालाच मोजावी लागते. त्या दुसऱ्याला 'मला अजून पटलेले नाही' असे म्हणायची मुभा आहे का, ही माझ्या मते कुठल्याही संदेष्ट्याच्या अधिकाराची खरी परीक्षा होय.

वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना आपण तिच्यातल्या विनोदाविषयी आणि निवेदनाच्या सहजतेविषयी बोलतो. ते योग्यच आहे. पण १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेले हे पुस्तक एका अर्थाने शतकभराच्या वादाला दिलेले उत्तरही आहे. मोरभट, विल्सन, फिंडले, विष्णुबुवा या सर्वांना वाचकाची संमती हवी होती. लक्ष्मीबाई ती मागत नाहीत. आपल्याला काय झाले ते त्या सांगतात, आणि आपल्या बाजूने कौल द्यायची जबाबदारी वाचकावर टाकत नाहीत.