शिधा आणि पहारा

‘बिनतारी’ हा शब्द मराठींत रुळून पुष्कळ वर्षें लोटलीं. या विद्येंत काय आहे हें तो सांगत नाहीं. काय नाहीं एवढेंच सांगतो. त्यामुळें मधली तार गेली म्हणजे परावलंबनही गेलें, अशी समजूत सहज होऊन बसली. इतिहासाची साक्ष याच्या उलट आहे. बिनतारी केंद्र हें किल्ल्यासारखें असतें. आज्ञापत्रांत दुर्गांविषयीं लिहितांना रामचंद्रपंत अमात्यांनीं पाण्याच्या तरतुदीची किती काळजी वाहिली आहे, हें वाचकांस ठाऊकच आहे. तट कितीही बुलंद असला तरी आंत शिधापाणी व दारावर जागता पहारा नसेल तर किल्ला टिकत नाहीं. बिनतारी केंद्राचा शिधा म्हणजे साठविलेली वीज, आणि पहारा म्हणजे केंद्र जिवंत आहे कीं नाहीं हें अखंड पाहणारी नजर. या दोहोंचा वृत्तान्त थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

पहिला धडा समुद्रानें दिला. ता. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळलें, तेव्हां कॅलिफोर्नियन नांवाचें दुसरें जहाज फार दूर नव्हतें. परंतु त्यावर बिनतारीचा एकच कामगार होता, आणि टक्कर होण्याच्या थोडें आधीं तो यंत्र बंद करून निजला होता. कार्पेथिया जहाजावरही एकच कामगार होता. तोही निजण्याच्या तयारींत होता. पण कानांवरचें यंत्र त्यानें अद्यापि उतरविलें नव्हतें. तेवढ्यामुळें टायटॅनिकची हांक ऐकूं आली आणि सातशेंहून अधिक माणसें वांचलीं. सुमारें पंधराशें बुडालीं. दोन्ही जहाजांवर विद्या एकच होती, उणीव होती ती पहाऱ्याची. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत अमेरिकेनें कायदा करून, पन्नास किंवा अधिक माणसें नेणाऱ्या आगबोटींवर अहोरात्र ऐकणारा कामगार असावा, आणि बोटीच्या मुख्य वीजयंत्राहून स्वतंत्र असा, निदान चार तास पुरेल इतका विजेचा पुरवठा असावा, असें ठरविलें. शिधा व पहारा या दोहोंस कायद्याचें बळ मिळालें, पण तें इतकीं माणसें गेल्यावर!

पुढें पहारा माणसाकडून यंत्राकडे गेला. १९२७ सालच्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनें संकटाची एक खूण ठरविली: चार चार सेकंदांच्या बारा रेघा, आणि प्रत्येक दोहोंमध्यें एका सेकंदाची विश्रांति. अशा कांहीं रेघा लागोपाठ कानीं पडतांच निजलेल्या कामगारास उठविणारी घंटा वाजविणारें यंत्र तयार झालें. न थकणारा असा पहारेकरी मिळाला खरा. पण त्याबरोबर एक जुनाच प्रश्न नव्या रूपानें पुढें आला. पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा?

जमिनीवर हा प्रश्न प्रथम तितका जाणवला नाहीं. १९२७ सालींच हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें बिनतारी संदेशांची सेवा सुरू झाली, तेव्हां संदेश पाठविण्याचें केंद्र पुण्याजवळ खडकीस व घेण्याचें दौंडास होतें. असलीं केंद्रें मोजकीं, मोठीं व माणसांनीं गजबजलेलीं असत. आज डोंगरमाथ्यांवर व गच्च्यांवर उभे असलेले मोबाइलचे मनोरे संख्येनें लाखांवर आहेत, आणि बहुतेकांजवळ माणूस नसतो. असतें तें एक कपाट.

त्या कपाटाचा वंश पाहूं लागलें म्हणजे गंमत वाटते, कारण तो तारेच्या घराण्यांतला आहे. आंतील रॅक १९ इंच रुंदीचा व त्यांतील प्रत्येक खण पावणेदोन इंच उंचीच्या पटींत; हें माप अमेरिकेंतील टेलिफोन कंपनीनें १९२२ च्या सुमारास आपल्या कचेऱ्यांतील जागा वांचविण्यासाठीं रूढ केलें. त्यामुळें एका कारखान्याचें यंत्र दुसऱ्याच्या रॅकांत बसतें. विजेचा ४८ व्होल्टचा दाबही टेलिफोनचाच वारसा आहे. शिशाच्या बॅटरीचा एक घट सुमारें दोन व्होल्टचा. असे चोवीस घट एका रांगेंत जोडले कीं ४८ होतात. त्यांचें धन टोंक जमिनीस जोडतात, कारण ओलाव्यांत धन बाजूची धातु झिजते; तार ऋण ठेवली म्हणजे ती वांचते. बाहेरची वीज चालू असतां रेक्टिफायर हें यंत्र तिचें रूपांतर करून उपकरणांस पोसतें व घटही भरलेले ठेवतें. घट सदैव जोडलेलेच असल्यामुळें वीज गेली तरी क्षणाचाही खंड पडत नाहीं.

योजना सुबक आहे. पण खरी कसोटी पुढेंच आहे. रेक्टिफायरला जोडलेली बॅटरी बाहेरून नेहमींच भरलेली दिसते. तिची धारणाशक्ति निम्मी उरली असली तरी मापकाचा आंकडा तेंच समाधान देत राहतो. कोठाराचें दार पाहून आंतील धान्य मोजतां येत नाहीं, तसेंच हें. शिवाय उष्णतेचा दर दहा अंश वाढला कीं शिशाच्या घटांचें आयुष्य साधारण निम्म्यावर येतें, आणि चोवीस घटांच्या रांगेंतील एक दुबळा घट सगळ्या रांगेस खालीं ओढतो. म्हणून जाणता रचनाकार एकूण दाबावर विसंबत नाहीं. घटांची उष्णता मोजतो व त्यांच्यावर प्रत्यक्ष भार घालून मधूनमधून परीक्षा घेतो. शिधा संपत आला कीं जास्त वीज खाणारीं उपकरणें आधीं तोडतो आणि इशारा देणारा भाग शेवटपर्यंत जिवंत ठेवतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, केंद्राच्या मौनालाच तो इशारा मानतो. ठराविक वेळीं ‘मी आहें’ असें उत्तर आलें नाहीं, कीं दूरच्या कचेरींत घंटा वाजली पाहिजे. ज्या संदेशमार्गावर पहारा ठेवायचा, त्याच मार्गानें पहारेकऱ्याची हांक येणार असेल, तर मार्ग तुटतांच पहाराही मुका होतो.

मात्र शिधा किती तासांचा भरावा, हें गणित रचनाकार एकटा ठरवीत नाहीं. २००५ सालीं कॅटरिना वादळानें अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील दळणवळण कोलमडलें. त्यानंतर २००७ सालीं तेथील दळणवळण आयोगानें मनोऱ्यांस निदान आठ तासांचा व मध्यवर्ती कचेऱ्यांस चोवीस तासांचा साठा असावा असा नियम केला. गच्च्यांना बॅटऱ्यांचें ओझें पेलणार नाहीं, भाडेकरार आड येतात, अशा हरकती कंपन्यांनीं घेतल्या. प्रकरण न्यायालयांत गेलें. आणि २००८ सालीं सरकारच्याच दुसऱ्या खात्यानें मंजुरी नाकारल्यामुळें तो नियम अमलांत आलाच नाहीं. पुढें वणव्यांनीं पोळलेल्या कॅलिफोर्नियानें २०२० सालीं वणव्याचा धोका मोठा असलेल्या भागांपुरती बहात्तर तासांची सक्ति केली. चार, आठ, बहात्तर. हे आंकडे निव्वळ शास्त्रांतून निघालेले नाहींत. प्रत्येकामागें एक आपत्ति आणि एक वाद उभा आहे.

आपल्याकडील उदाहरणही जुनें नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर चढलें. विजेचे खांब आडवे झाले, आणि कोंकणांतील कितीएक गांवांत दिवसेंदिवस वीज नव्हती व मोबाइलही मुका होता. ज्यांचीं घरें उडालीं त्यांस मुंबईपुण्याच्या आप्तांना ‘आम्ही जिवंत आहों’ एवढेंही कळवितां येईना. घट किती तास पुरावेत हा प्रश्न वरकरणीं खर्चाचा व वजनाचा दिसतो. वस्तुतः कोणाची हांक किती वेळ ऐकूं यावी, याचा तो निवाडा आहे. मनोरा सर्वांस दिसतो. त्याच्या पायथ्याचें कपाट कोणी पाहत नाहीं. पण वादळाच्या दुसऱ्या रात्रीं किल्ला कोणाच्या बळावर उभा राहिला, याचा हिशेब तेथेंच होत असतो. टायटॅनिकनंतर जगानें तो हिशेब बुडालेल्यांच्या नांवानें मांडला. पुढच्या वादळाआधीं तो मांडण्याइतकें शहाणपण आपण दाखवूं, तर या इतिहासाचा कांहीं उपयोग झाला असें म्हणतां येईल.