चरचरीखालचा तानपुरा

श्रीरामपूरला आमच्या घरी एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या आहेत. पूर्वी शेजारी कॅसेटीही होत्या, त्यातल्या काही गावातल्या मैफलींच्या, घरच्याच टेपरेकॉर्डरवर घेतलेल्या. 2004 साली आम्ही त्या कॅसेटी संगणकावर उतरवल्या. जागा वाचावी म्हणून एमपी3 हा प्रकार आणि सेकंदाला 128 किलोबिट हा दर्जा निवडला. काम झालं, या समाधानात कॅसेटी माळ्यावर टाकल्या. काही वर्षांनी पाहिलं, तर फितींना बुरशी लागलेली. आता त्या मैफलींच्या आमच्याकडे उरल्या आहेत त्या फक्त छोट्या फाइली. आम्ही नेमकं काय गमावलं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

1902 च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचं आणि त्या आवाजाच्या जोरानेच सुई मेणावर खाच कोरायची. विजेवर चालणारं मुद्रण आलं ते 1925 मध्ये. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम 3 मिनिटं मावत. तासभर रंगणारा ख्याल 3 मिनिटांत बसवायचा!

कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँ 1946 साली गेले. त्यांच्या गाण्याची तबकडी नाही. त्यांची गायकी आपल्याला कळते ती शिष्यांच्या गळ्यातून. मिरजेला राहिलेले अब्दुल करीम खाँ 1937 साली गेले, पण त्यांचा आवाज आजही ऐकता येतो. तोही तुकड्यातुकड्यांनी आणि चरचरीसकट, पण येतो. यातून दोन गोष्टी दिसतात. अपुरं मुद्रण हे मुद्रण नसण्यापेक्षा खूपच बरं. आणि जे खाचेत उतरलंच नाही, ते नंतर कोणत्याही युक्तीने परत आणता येत नाही.

आता संगणकाकडे वळू. आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. हे चढउतार ठरावीक काळाने मोजायचे आणि आकडे लिहून ठेवायचे, एवढीच ही कल्पना. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि गणित सांगतं की, मोजमापं त्याच्या दुपटीहून जास्त हवीत. म्हणून 1982 साली बाजारात आलेल्या सीडीसाठी सेकंदाला 44,100 मोजमापं ठरली. प्रत्येक मोजमाप 16 बिटांचं आणि कान दोन. गुणाकार करून पहा: 44,100 × 16 × 2 = 14,11,200 बिट, तेही एका सेकंदाला. म्हणजे मिनिटाला सुमारे 10 मेगाबाइट. 1990 च्या सुमारास घरगुती संगणकात एका तासाचं गाणंसुद्धा मावणं अवघड होतं.

ही अडचण जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवली. पिठाची गिरणी चालू असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही. मग ती कुजबुज जशीच्या तशी साठवायची कशाला? मोठ्या आवाजाखाली झाकलेला बारीक आवाज ढोबळपणे लिहायचा किंवा सोडूनच द्यायचा. 1992 मध्ये ही पद्धत प्रमाण म्हणून ठरली आणि 1995 मध्ये तिच्या फाइलींना ‘एमपी3’ हे नाव मिळालं. 128 किलोबिटांत गाणं सीडीच्या अकराव्या हिश्श्यात बसतं.

जुन्या मुद्रणाची गोम इथेच आहे. त्यातली ‘गिरणी’ म्हणजे चरचर, आणि ‘कुजबुज’ म्हणजे मागचा तानपुरा. उद्या चरचर काढून टाकण्याची चांगली पद्धत मिळेल. पण ती चरचर पुसल्यावर खाली तानपुरा सापडायला तो फाइलीत शाबूत असायला हवा! आमच्या फाइली आता कितीही मोठ्या प्रकारात बदलल्या तरी जागा तेवढी जास्त लागेल, गेलेलं परत येणार नाही.

2001 साली फ्लॅक हा खुला प्रकार आला. तो काहीही टाकून देत नाही. कपड्यांच्या घड्या घालाव्यात तसे आकडे नीट रचतो. उलगडलं की मूळ आकडे जसेच्या तसे. जागा साधारण निम्मी लागते. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना जतनासाठी वेव्ह प्रकार, निदान सेकंदाला 48,000 मोजमापं आणि 24 बिट सुचवते. जास्त बिट असले की बारीक आवाजही नीट टिपले जातात.

पण प्रकार निवडला की काम संपलं, असं नाही. 78 च्या तबकडीला एलपीपेक्षा जवळपास तिप्पट जाड सुई लागते. सुरुवातीच्या काळातल्या कित्येक तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांच्या नाहीत. वेग शेकडा 6 ने चुकला, तर षड्ज कोमल ऋषभावर जातो. तबकडीवरचा क्रमांक, गायकाचं नाव, वापरलेला वेग हे फाइलीसोबत लिहून ठेवावं. मुंबईत 1990 साली स्थापन झालेल्या तबकडी-संग्राहकांच्या संस्थेने, सुरेश चांदवणकरांसारख्या भौतिकशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने, अशा नोंदींचं मोल पुष्कळांना पटवून दिलं.

ट्रंकेतल्या तबकड्या आम्ही आता 24 बिटांत उतरवतो आहोत. मूळ प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवतो. ऐकायला आणि वाटायला मात्र एमपी3 करतो, कारण त्या कामाला तो उत्तमच आहे. आणि तबकड्या टाकत नाही.

वर्गात एक प्रयोग करून पहा. एकच जुनं गाणं वेव्ह, 128 आणि 64 किलोबिट अशा तीन प्रकारांत, नाव न सांगता ऐकवा. कोणतं कोणतं, हे मुलांना लिहायला सांगा. उत्तरं चुकली तर उत्तमच. कानाला फरक कळत नसतानाही मूळ प्रत का जपायची, ही चर्चा तिथूनच सुरू होईल.